गोरजवेळेचा कॅमेरा

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार. लाखनी

संपादकांचा ट्रंककॉल आला. पोस्टात मागे रांग उभी असताना ओरडून बोलावे लागते, त्यामुळे आमच्या दोघांत खाजगी असे काही उरलेले नाही. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या भागात सगळे भर दुपारीच घडते का हो?" मी म्हणालो, "घडते केव्हाही. आमचा कॅमेरा दुपारी उठतो." रांगेतले दोघे हसले, संपादक हसले नाहीत. त्यांना रविवारच्या पुरवणीसाठी मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे, फोटो हवेत, त्यातही गावकऱ्यांचे नाचगाण्याचे नाटक, दंडार, चालू असतानाचे. आणि दंडार रंगते ती दिवस कलल्यावर.

त्यांचे खोटे नाही. माझा कॅमेरा म्हणजे पत्र्याचा डबा. सूर्य पाठीशी, माणूस समोर आणि दोघेही स्थिर, असा योग जुळला तर तो फोटो काढतो. उन्हाळ्यात हा योग रोज असतो. हिवाळ्यात मात्र आमच्याकडे पाहण्यासारखे जे काही असते ते तलावावरचे धुके उठण्याआधी, नाहीतर गाई घरी परतल्यावर. धानाची मळणी, मंडई, लग्ने, हमरस्त्यावर उलटलेले ट्रक. माझ्या डब्याची दया कोणालाच नाही.

नवा कॅमेरा घ्यावा काय? पूर्वपक्ष: घ्यावा. उत्तरपक्ष उद्या.

५ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तरपक्ष मांडायच्या आतच पूर्वपक्षाला वकील मिळाला. यादोराव आपला जपानी कॅमेरा विकायला काढतो आहे, आणि तो मीच घ्यावा असा त्याचा आग्रह आहे.

यादोराव माझा जुना मित्र. बसस्टँडजवळ त्याचा स्टुडिओ. गोरज मुहूर्तावरच्या लग्नाचा फोटो काढावा तर यादोरावनेच, असे तुमसरपासून पवनीपर्यंत लोक म्हणतात. दिवेलागणीला, कंदिलाच्या आणि समईच्या उजेडात, फ्लॅश न मारता तो फोटो काढतो, आणि नवरीचा चेहरा त्या वेळी जसा दिसला असेल तसाच कागदावर उतरतो. फ्लॅशचे नाव काढले की तो चिडतो. "चोर पकडाले पोलीस बॅटरी मारते, तसं थे. नवरीनं काय चोरी केली जी?"

आज गेलो तेव्हा दारातच बसला होता. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तरी मान वर करीना. खोकलो, तेव्हा म्हणाला, "कोण, पंडितजी? या न, या." स्टुडिओवाल्यांना गिऱ्हाईक खोकल्याशिवाय दिसत नाही, पण मित्राला तरी ही सवलत असावी.

कॅमेरा त्याने मांडीवर घेऊन दाखवला. "याचा डोळा मांजराचा हाय, पंडितजी. भिंगाचं तोंड पुरं उघडलं न, तं सांजचं बी दुपार करते. घ्या तुमी. याच हिवाळ्यात घ्या."

"याच हिवाळ्यात का? पुढच्या हिवाळ्यात उजेड वाढणार आहे काय?"

"तसं नाही जी." त्याने कॅमेऱ्याचे भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसले. "मी म्हणतो, लगनाले आपण संगंच जाऊ. कॅमेरा तुमी पकडा. मी बाजूले उभा राहीन, उजेड सांगीन. धुवाचं, छापाचं हिच्याकडे हायेच."

'ही' म्हणजे धुरपतावहिनी. स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याचे काम त्यांचे. त्या पडद्याआडून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "म्हणजे बातमीदाराला बढती देऊन लग्नाचा हमाल करता तर!" यादोराव हसला. वहिनी हसल्या नाहीत. स्त्रियांना विनोद उशिरा कळतो.

विचार करून सांगतो म्हणालो.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

अड्याळच्या मंडईला जाऊन आलो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावच्या मंडईचे दिवस ठरलेले असतात. लेकी-जावई, सोयरे-धायरे त्या दिवशी येतात आणि अख्खे गाव शेतात जत्रा भरवते. मी यादोरावला घेऊन गेलो. कॅमेऱ्याची परीक्षा करायची तर ती जाणत्या हातात करावी. मी फोटो काढला आणि बिघडला, तर दोष कॅमेऱ्याचा की माझा, हा वाद जन्मभर मिटायचा नाही. यादोरावच्या हातात जो कॅमेरा बिघडेल तो बिघडलेलाच. तर्कशास्त्रात याहून स्वच्छ प्रयोग होत नाही.

दिवस मावळता मावळता दंडार उभी राहिली. नाच्या पोऱ्याने लुगडे नेसून अशी गिरकी घेतली की म्हाताऱ्यांनी पागोटी सावरली. यादोरावने पुष्कळ फोटो काढले. एकेका फोटोला फार वेळ घेत होता. अंतर जुळवायची भिंगाची कडी इकडे फिरव, तिकडे फिरव. कलावंत माणूस.

परतताना गर्दीत त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला तो पार बसपर्यंत काढला नाही. इतका लाडात तो कधी येत नाही. बहुधा कॅमेरा खपवायचा आहे म्हणून. मी म्हणालोही, "यादोराव, खांदा विकत घ्यायचा विचार आहे की काय?" तो म्हणाला, "भाड्यानं द्या."

१९ नोव्हेंबर, गुरुवार

मंडईचे फोटो पाहिले आणि बसलोच. नाच्याचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा. त्याच्या मागे उभी असलेली बैलगाडी मात्र अशी स्पष्ट, की चाकाचे आरे मोजून घ्यावेत. एक नव्हे, बहुतेक फोटो असेच. कोठे मागचे झाड स्वच्छ, कोठे पुढच्या माणसाची पाठ स्वच्छ, आणि ज्याचा फोटो काढला तो धुक्यात.

यादोराव म्हणाला, "हात हालला असन."

त्याचा हात? देवळाचा खांब हलेल. विकायची वस्तू आहे म्हणून तिचा दोष हा स्वतःच्या हातावर घेतो आहे, हे मला लगेच दिसले. मी त्याने काढलेले अक्षय तृतीयेच्या लग्नांचे फोटो मागून घेतले. ते सगळे लखलखीत! मग घरी येऊन विचार केला. तोच कॅमेरा, तोच माणूस. उन्हात फोटो चांगला, सांजेला खराब. माणूस तर तोच आहे, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा. भिंगाचे तोंड पुरते उघडले की त्यात काहीतरी बिनसते. म्हणजे ज्या कामासाठी मी तो घेणार, नेमक्या त्याच कामाला तो कुचकामी. यादोरावची नजर चुकेल हे मानणे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवतो असे मानणे. अनुमान निर्दोष.

मित्राने मित्राला खोटी वस्तू खपवावी, याचे जरा वाईट वाटले. पण व्यवहार आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

आमच्या घरातून, म्हणजे रत्नाबाईंकडून, एक तक्रार. बाजारात यादोराव समोरून आला आणि हिला न ओळखता सरळ निघून गेला.

"नवी शाल पांघरली होतीस. तुझी किंमत वाढली, त्याला ओळखू आली नाहीस."

"शाल नवी होती, तोंड तं जुनंच होतं न! मी 'भाऊजी' म्हनलं तवा दचकले. मले वाटते, त्याईले डोळ्यानं कमी दिसून राहिलं."

"फोटोग्राफरला? उद्या म्हणशील, गवयाला ऐकू येत नाही."

"म्हनीन," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

२९ नोव्हेंबर, रविवार

काल अड्याळला मारोतरावांच्या मुलीचे लग्न होते. मारोतराव धानाचे व्यापारी, मांडव मोठा, मुहूर्त गोरज. यादोराव आणि धुरपतावहिनी दोघे आले होते. वहिनी लग्नाला कधी जात नसत. या वेळी आल्या, आणि येताना गाठी मारलेली दोरी घेऊन आल्या.

पुढचा प्रकार डोळ्यांनी पाहिला म्हणूनच लिहितो. यादोराव कॅमेरा घेऊन उभा राहतो. वहिनी दोरीचे एक टोक त्याच्या कॅमेऱ्याजवळ धरायला लावतात आणि दुसरे टोक घेऊन थेट नवरीच्या नाकापर्यंत जातात. गाठी मोजतात. परत येऊन यादोरावच्या हातातल्या कॅमेऱ्यावर वाकतात, कडी स्वतःच फिरवतात आणि त्याच्या कानात काहीतरी सांगतात. मग तो फोटो काढतो. मांडवात हशा. कोणी तरी ओरडले, "फोटो काढून राहिले का झंपराचं माप घेऊन राहिले?" नवरीसुद्धा पदराआड हसली. माळा पडल्या तेव्हा तर गंमतच झाली. वहिनी दोरी घेऊन निघाल्या आणि माळा पडूनही गेल्या.

कॅमेरा बिघडला आहे हे यादोरावने एकदाचे ओळखले म्हणायचे. कडी खोटे सांगते, म्हणून दोरीने मोजतो. पण केवढा हा खटाटोप! दुरुस्तीला द्यावा की नागपूरला.

विषय फार छान आहे. पुरवणीसाठी लिहायला घेतला.

६ डिसेंबर, रविवार

छापून आले. 'एका कॅमेऱ्याचा मोतीबिंदू' असे शीर्षक मीच दिले होते, संपादकांनी ठेवले. नाव-गाव कोणाचेच नाही. एक वयोवृद्ध कॅमेरा, त्याला दिवसा दिसते, सांजेला दिसत नाही. मालक भोळा, त्याने चष्म्याऐवजी दोरी घेतली. आता त्याची धर्मपत्नी नवरीच्या नाकाला दोरी लावून फिरते आणि वऱ्हाडी विचारतात, माप कशाचे? एवढेच. मालकाची मी स्तुतीच केली आहे. त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

बाजारात ज्याने त्याने हात मिळवला. ताराचंद चहावाल्याने पुरवणीचे पान खांबाला टाचून ठेवले आहे. "पंडितजी, आज तुमचा चहा माह्याकडून."

सहा डिसेंबर असल्यामुळे यादोरावचा स्टुडिओ बंद होता. या दिवशी तो पांढरा सदरा घालून सकाळीच विहारात जातो आणि दिवसभर कोणाचे काम घेत नाही. नेमके याच दिवशी छापून यावे, याने मला जरा कसेसेच झाले. पण रविवार रविवारीच येतो, त्याला मी काय करू.

९ डिसेंबर, बुधवार

भीत भीत स्टुडिओत गेलो. यादोराव रागावलेला नाही! उलट म्हणाला, "हिनं वाचून दाखवलं. मजेदार लिवलं जी. कॅमेऱ्याचंच लिवलं, बरं केलं."

बायकोकडून पेपर वाचून घेतो! जमीनदाराचे थाट. पण माणूस मोठ्या मनाचा. दुसरा असता तर भांडला असता. वहिनींनी मात्र चहा विचारला नाही.

१८ डिसेंबर, शुक्रवार

मारोतराव ताराचंदकडे भेटले. लग्नाचे फोटो त्यांनी परत केले. दोरीने मोजलेले काही ठीक आहेत, पण माळा, सप्तपदी, पाठवणी, सगळे धुक्यात. मारोतराव म्हणाले, "पोरीचं लगन एकदाच होते, पंडितजी. आता काय तिले पुन्हा बोहल्यावर उभी करू? तुमी पेपरात लिवलं थे खरंच हाय. कॅमेराच खराब. मी तं साऱ्या सोयऱ्याईले सांगतलं, आंधळ्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नका."

ताराचंद म्हणाला, माघात ज्यांची लग्ने आहेत ती घरे आता साकोलीच्या फोटोवाल्याकडे चालली आहेत. तो फ्लॅश मारतो. चोर तर चोर, पण चेहरा दिसतो.

याला माझा लेख कारण आहे असे नाही. फोटो खराब आले हे कारण आहे. पण लोक बोलतात ते माझ्या शब्दांत बोलतात, हे ऐकायला बरे वाटले नाही.

यादोरावकडे जाऊन सांगून टाकले, की कॅमेरा घेत नाही. मैत्रीत आडपडदा नको म्हणून कारणही सांगितले. तो म्हणाला, "राहू द्या मंग." एवढेच. वहिनी उठून अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि पडदा ओढून घेतला. आत धुवायला काही होते असे वाटले नाही.

कॅमेऱ्याचा निर्णय झाला, म्हणजे न घेण्याचा झाला. निर्णय झाल्यावर मन हलके होते म्हणतात. वाट पाहतो आहे.

१० जानेवारी १९८२, रविवार

आज लिहिण्याची इच्छा नाही, म्हणून लिहितो.

साकोलीला शाळेत नेत्रशिबिर होते. बातमीसाठी गेलो. व्हरांड्यात म्हातारी माणसे बाकांवर ओळीने बसली होती आणि त्या ओळीत यादोराव. मला वाटले फोटो काढायला आला आहे. मी मोठ्याने म्हणालो, "वा, आज आपण दोघे एकाच कामावर!"

त्याने हात पुढे केला. मी उजवीकडे होतो, हात डावीकडे गेला.

"पंडितजी का?" तो म्हणाला. "आज मी दुसऱ्या कामानं आलो जी."

धुरपतावहिनी शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी त्याचा हात धरून मांडीवर ठेवला.

त्यांना आत बोलावले. बाहेर आले तेव्हा वहिनींनीच सांगितले. "डाक्तर म्हनते, काला मोतिया हाय, काचबिंदू. मोतीबिंदू असता तं काढला असता. हा आतून खाऊन जाते. गेली थे नजर गेली. उरली थे औषधानं टिकली तं टिकली."

मी विचारले, "कधीपासून?"

"मांगच्या थंडीपासून," यादोराव म्हणाला. त्याचा आवाज स्टुडिओत असतो तसाच होता, भिंगाबद्दल सांगताना असतो तसा. "उन्हाळ्यात वाटलं, बरं झालं. उन्हात भिंगाचं तोंड बारीक राहते न जी, अंतर थोडं चुकलं तरी खपते. सांजच्या उजेडात तोंड पुरं उघडावं लागते. मंग एवढंसं चुकलं का नाक साफ येते आन् डोळे धुक्यात जाते. थंडीनंच पकडलं मले."

"मला का नाही सांगितलेत?"

"तुमाले सांगतलं असतं," तो म्हणाला, "तं तुमी पेपरात लिवलं असतं."

आणि हसला. टोमणा मारल्यासारखा नाही, नेहमीसारखा. बाकावरचा एक म्हाताराही काही न कळून हसला.

माझ्या सगळ्या अनुमानात एकच गृहीत मी तपासले नव्हते. बाकीचे सगळे तपासले होते.

रत्नाबाईंना घरी येऊन सांगितले. 'मी म्हटले होते' असे ती म्हणेल म्हणून थांबलो. ती म्हणाली नाही. देवापुढे दिवा लावत होती, तो लावून झाल्यावर तिथेच बसून राहिली.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन स्टुडिओत गेलो.

यादोरावसमोर बसून एका दमात सांगितले. पुरवणीत मी नव्याने लिहितो. कॅमेरा निर्दोष होता, चूक माझी होती, असे नावानिशी लिहितो. आणि तो कॅमेरा मी घेतो. तू म्हणशील त्या अटीवर. लग्नांना आपण दोघे जाऊ, तू म्हणाला होतास तसे. इतक्या वर्षांत त्याला 'तू' मी प्रथमच म्हणालो, आणि ते माझ्या नंतर लक्षात आले.

त्याने तिळगूळ तोंडात टाकला. सावकाश चावला.

"तुमी लिवान का कॅमेरा बेस होता. मंग लोक म्हनतीन, कॅमेरा बेस होता तं खराब कोण होतं?"

मी तिळगुळाची पुडी मिटली.

"तुमी कॅमेरा घेतला, आन् तुमचे सांजचे फोटो पेपरात साफ आले, तं मारोतराव पयले म्हनन, आमच्या पोरीच्या लगनात काय झालं होतं मंग?" त्याने भिंतीकडे हात केला. तिथे त्याचा जुना लाकडी उभा कॅमेरा आहे. "हा हाय न माह्याकडे. खुर्ची खिळ्यानं ठोकून टाकली, कॅमेरा बी ठोकला. अंतर हालाचं कामच नाही. माणूस आला, बसला, दाबला. शाळेच्या पोराईचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो, तेवढं भर दिवसा होते. पण माहे डोळे गेले हे गावाले समजलं, तं थ्या खुर्चीवर बी कोणी बसणार नाही. आता कॅमेरा खराब हाय, तोवर मी चांगला हाय जी."

मी म्हणालो, "म्हणजे मी जे खोटे लिहिले ते तसेच राहू द्यायचे?"

"राहू द्याचं. कोणी विचारलं तं तसंच सांगाचं बी."

धुरपतावहिनी दारात उभ्या होत्या. आज प्रथमच माझ्याशी सरळ बोलल्या. "दिवाळीत लगनाले संगं चला म्हनलं होतं भाऊजी, थे हमालीसाठी नव्हतं म्हनलं. कॅमेरा तुमच्या हातात राहिला असता, उजेड याईनं सांगतला असता. नाव याईचंच राहिलं असतं. कोणाले काही समजलं नसतं."

"तेव्हा सांगायचे होते, वहिनी."

"याईनं सांगू नाही म्हनलं. मी म्हनलं, न सांगता बी समजन. पढेलिखे हायेत."

यादोराव म्हणाला, "जाऊ दे न व." मग मला म्हणाला, "गोड बोला म्हनाचं राहिलं तुमचं."

मी म्हणालो. त्यानेही म्हटले.

२४ जानेवारी, रविवार

संपादकांनी विचारले होते, कॅमेऱ्याचे काय झाले. आज कळवले, की घ्यायचा होता तो खराब निघाला. माझ्या अक्षरात ते वाक्य फार सुबक आले.

दुसऱ्या कोणाचा, नाहीतर नवा कॅमेरा घ्यावा, असे रत्नाबाई म्हणते. घेता येईल. पण सांजेच्या वेळी डोळ्याला कॅमेरा लावून मंडईत उभा राहीन आणि शेजारी उजेड सांगायला कोणी नसेल, हे चित्र डोळ्यांसमोर आले की पाय घराकडे वळतात, दुकानाकडे वळत नाहीत.

८ फेब्रुवारी, सोमवार

यादोरावने कॅमेरा गोंदियाला विकायचे ठरवले. तिथे त्याला कोणी ओळखत नाही आणि तिथल्या लग्नांचे फोटो लाखनीला कोणी बघत नाही. बसने एकट्याने जाणे त्याला आता जमत नाही. मी नेऊन देतो म्हणालो. तेवढे तरी माझ्या वाट्याला त्याने येऊ दिले.

दुकान अरुंद आणि खोल, मागच्या बाजूला दिवसाही अंधार. दुकानदाराने कॅमेरा उघडून पाहिला, मिटला, कळ दाबून कान लावला. मी म्हणालो, "एकदा बघू द्या." त्याला नवल वाटले, पण त्याने दिला.

तेव्हा ध्यानात आले, की दिवाळीपासून या कॅमेऱ्याबद्दल मी इतके बोललो, इतके लिहिले, पण त्याला एकदाही स्वतःचा डोळा लावला नव्हता. लावला. मागच्या अंधारात एक बाई पाटावर बसून सुपारी कातरत होती. कडी फिरवली. अंतर जुळेपर्यंत काचेत एकीच्या दोन दिसणाऱ्या त्या बाया हळूहळू एकीवर एक आल्या आणि एक झाल्या. कानातला खडा, अडकित्त्यावरचा अंगठा, ओठांशी धरलेला पदर, सगळे. असे आम्ही अड्याळला काढू शकलो असतो. त्याने सांगितले असते, पंडितजी, जरासं थांबा, उजेड येऊन राहिला. आणि मी थांबलो असतो.

दुकानदाराने विचारले, "खोट काय आहे याच्यात?"

"काहीच नाही."

"मग विकता कशाला?"

"मालकाचे काम कमी झाले," मी म्हणालो. आजच्या दिवसातले हे एवढेच दोन जबाब सरळ होते.

परत आलो तेव्हा ऊन उतरले होते. यादोराव ताराचंदच्या बाकावर माझी वाट बघत बसला होता. वाट बघत म्हणजे, बसच्या आवाजाकडे तोंड करून. मी पैसे त्याच्या हातात ठेवले. ताराचंदने ते पाहिले आणि ओरडला, "खपला का पंडितजी, थो आंधळा कॅमेरा?"

"खपला."

"गोंदियावाल्याले सांगतलं नाही न, खराब हाय म्हणून?"

बाकावर मारोतरावही होते. आणखी दोघे-तिघे. सगळे माझ्याकडे बघत होते. यादोराव फक्त कान देऊन होता.

"नाही सांगितले," मी म्हणालो.

एकच हशा झाला. मारोतरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा पंडितजी! पोथ्या वाचलेला माणूस, पण यवहार बी शिकला! गोंदियावाल्याले गंडवलं!" ताराचंदने ग्लास खळाखळा धुऊन माझ्यासमोर आले घातलेला चहा ठेवला आणि कोणाकडूनही त्याचे पैसे घेणार नाही म्हणून सांगितले.

यादोराव सगळ्यांत मोठ्याने हसला. हसता हसता त्याने माझ्याकडे तोंड वळवले. मी बसलो होतो त्याच्या हातभर पलीकडे, जिथे बाकाची रिकामी जागा होती, तिथे बघून तो हसत होता.

मी ग्लास उचलला आणि सरकून तिथे जाऊन बसलो.